खोड

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.
हा मेला होता दोन उन्हाळ्यांपूर्वी,
आणि जात नव्हता.

टेकडीपलीकडून आग आली त्या वर्षी
नगरपालिकेचा माणूस फीत घेऊन आला,
स्वयंपाकघराच्या भिंतीपासून मोजत मोजत गेला,
म्हणाला, दोना देओलिंदा, ह्या तिन्ही नीलगिरी जायला हव्यात.
आई म्हणाली, न्या.
झाडं गेली, बुंधे राहिले कोबीच्या वाफ्याकडेला.
दोन अर्मिंदोनं नाताळात उखडले.
तिसरा, कोपऱ्यातला, बाबांनी सगळ्यांत आधी लावलेला,
तो मात्र बसून.

काय काय केलं नाही आम्ही त्याला.
गिरमिटानं भोकं पाडून मीठ भरलं,
बटाटे उकडलेलं पाणी ओतलं कढत,
काळं प्लास्टिक ओढलं, वर दगड ठेवले.
पाद्रीबाबा जाता-येता म्हणाले, धीर धरा.
मार्चमध्ये प्लास्टिक फाडून
निळसर कोवळी पानं बाहेर आली,
हात लावला की सर्दीच्या औषधाचा वास.
आई ते धुमारे रोज सकाळी खुडायची
शेंगा खुडाव्यात तसे,
आणि विहिरीत वाकून बघायची, पाणी किती उतरलं.

मी ल्यॉनहून सुट्टीवर. तळहात मऊ पडलेले,
दुपारपर्यंत चार फोड.
कुदळ लागली की मूळ खण् वाजायचं,
पहार घातली की पहारच वाकायची.
अर्मिंदो शिव्या द्यायचा, थेट बाबांच्या,
त्याच क्रमानं, त्याच ठसक्यात,
आणि दचकून थांबायचा.

चौथ्या दिवशी वाल्देमार ट्रॅक्टर घेऊन आला.
बोलावलं नव्हतं.
त्याच्या आणि आमच्या घरात तीस वर्षं
नमस्कारापलीकडे शब्द नव्हता.
बांध कुठून जातो यावरून
त्याच्या बापानं एक गाय विकली, माझ्या बापानं दोन,
आणि वकिलानं नवं छप्पर घातलं.
खूण म्हणून पुरलेला दगडच सापडत नव्हता.
जमिनीनं गिळला, बाबा सांगायचे न्यायाधीशाला, टोपी हातात धरून.

साखळी आवळली. ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली गेली.
काही तरी तुटलं आत, ओलं,
दात उपटावा तसा आवाज,
आणि बुंधा कुशीवर वळला
पोटाशी घट्ट काही धरून.

मुळांच्या विळख्यात एक चौकोनी ग्रॅनाइट.
वाल्देमारनं इंजिन बंद केलं.
उतरला, बाहीनं माती पुसली.
कोरलेलं एक अक्षर, त्याच्या आजोबांचं.

कुणीच काही बोलेना.
कोंबड्या नव्या मातीवर तुटून पडल्या होत्या.
मी मनात मोजलं:
दगडापासून दोन पावलं आत, म्हणजे कोबी,
म्हणजे दोरीवरचे आमचे कपडे,
म्हणजे अंजिराची सावली अर्धी.

मी आईकडे बघितलं.
ती अजिबात चकित झाली नव्हती.
रोप लावलं त्या रात्री
कंदील तिनंच धरला असणार.

ती ॲप्रनला हात पुसत आली,
ओणवी झाली, एक मूळ दगडावरून सोलून काढलं,
सावकाश, बाळाची मूठ सोडवावी तसं.
म्हणाली, कोबी ह्या मोसमाचा माझा.
तो म्हणाला, बरं.
म्हणाली, पुढच्या मोसमाचं बघू.
तो म्हणाला, बरं.
मग ती आत गेली, आणि बराच वेळ
नुसतीच भांडी वाजत राहिली.

बुंधा हलवायला कुणात त्राण नव्हतं.
कोंबड्यांच्या खुराड्यामागे ढकलला, मुळं आभाळाकडे.
खड्ड्यात उरलेलं झिरपून वर आलं, गढूळ,
वीतभर.

मे महिन्यात अर्मिंदोचा फोन:
ऐकतेस का, उलटा पडलाय, पायाखाली माती नाही,
तरी एक पान फुटलंय.
मी विचारलं, आई खुडते का?
तो जरा थांबला.
म्हणाला, पाणी घालते बहुतेक.
विचारलं तर कबूल करत नाही.